नळीमागच्या काळ्या रेघा

सकाळी ८

आल्या आल्या फ्रिजचं तापमान वहीत टिपायचं आणि डायथायोनाइटच्या द्रावणाची बाटली काढून ओट्यावर ठेवायची. थंडगार द्रावणात चाचणी लावली तर निकाल फसवतो, म्हणून ते आधी खोलीच्या तापमानाला यावं लागतं. झाकण उघडलं की गंधकाचा वास येतो. हा पदार्थ ऑक्सिजनचा हावरट. बाटली उघडी राहिली तर हवेतलाच ऑक्सिजन ओढून बाद होतो, आणि मग अख्ख्या जिल्ह्याचं रक्त निर्दोष दिसायला लागतं. म्हणून रोज आधी दोन कंट्रोल लावायचे, एक माहितीतलं एए म्हणजे निर्दोष, एक माहितीतलं एएस म्हणजे वाहकाचं. दोन्ही बरोबर आले तरच पुढचं काम.

पूर्व विदर्भातल्या आमच्या लॅबमध्ये शुगरपासून मलेरियाच्या स्लाइडपर्यंत सगळं होतं, पण माझं टेबल सिकलसेलचं. म्हणजे एकाच रेणूचं, हिमोग्लोबिनचं. हा रेणू आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही आणि आमच्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणारही नाही. पण त्याच्या बांधणीत बारीकसा फरक पडला की त्याची वागणूक बदलते. एका चाचणीत तो गढूळ होतो, दुसरीत मागे रेंगाळतो, तिसरीत उशिरा बाहेर पडतो. वागणुकीवरून बांधणी ओळखायची, एवढंच आमच्या हातात असतं.

सव्वानऊ

ओपीडीची रांग खिडकीपर्यंत आलेली. शिवाय कालच्या शिबिरातले जांभळ्या झाकणाचे ईडीटीए बल्ब आशाताईंनी व्हॅक्सिन कॅरियरमधून आणलेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. तेव्हापासून बल्ब वाढले, टेबल तेवढंच राहिलं. प्रत्येक बल्ब तिरका करून गुठळी आहे का पाहायचं. ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, पण घेणाऱ्याने बल्ब नीट उलटासुलटा केला नसेल तर तळाशी गोळा बसतोच.

रांगेत एक पोरगा आजीच्या खांद्याला टेकून उभा. एसएस, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, आमच्या ओळखीचा. "रात्रभर कण्हून राहिला होता जी," आजी म्हणाली. धान कापणीचे दिवस, हा दिवसभर उन्हात, बाटलीतलं पाणी तसंच. मी आधी त्याला पाणी प्यायला लावलं, मग रक्त घेतलं, मग डॉक्टरांकडे पाठवलं.

पाण्याचा आणि दुखण्याचा संबंध थेट रेणूपर्यंत जातो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. प्रत्येक रेणूत चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या खोबणीत एक हीम, त्याच्या मधोमध लोहाचा अणू. ऑक्सिजन धरतो तो हा अणू. फुप्फुसात धरायचा, स्नायूंत सोडायचा, आणि हे करताना चारही साखळ्या जागच्या सरकतात, रेणूचा आकारच बदलतो.

बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यातलं सहावं तेवढं वेगळं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याचं पाण्याशी जमतं. व्हॅलिन पाण्याला टाळतं. ही जागा रेणूच्या बाहेरच्या अंगाला आहे, तरी ऑक्सिजन धरलेला असतो तोवर काही बिघडत नाही. तो सुटला की शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते आणि हे व्हॅलिन तिच्यात नेमकं जाऊन बसतं. मग एकाला एक चिकटत लांब धागे तयार होतात, धाग्यांनी पेशी आतून ताणली जाते आणि विळ्यासारखी वाकडी होते. वाकडी पेशी बारीक केशवाहिनीत अडकली की तिथून पुढे रक्त जात नाही. पोराचं रात्रभराचं कण्हणं ते हेच.

धागे लगेच बनत नाहीत, मध्ये थोडा वेळ जातो. तेवढ्यात पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली, तर ऑक्सिजन मिळून सगळं पूर्ववत. हा वेळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर ठरतो, आणि साध्या प्रमाणात नाही, तर जवळपास तिसाव्या घाताने. दाटपणा दहा टक्के वाढला तर मिळणारा वेळ साधारण सतरा पटींनी घटतो. अंगातलं पाणी आटलं की पेशीही आटते, दाटपणा वाढतो. भिंतीवरच्या 'भरपूर पाणी प्या' या पोस्टरवर हा आकडा छापायला हवा, असं मला नेहमी वाटतं. निदान मास्तर लोक तरी वाचतील.

साडेदहा

नळ्या रांगेत लावल्या. प्रत्येकीत दोन मिलिलिटर द्रावण, त्यात वीस मायक्रोलिटर रक्त. हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. द्रावणातलं सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. उरतं हिमोग्लोबिन, तेही फॉस्फेटच्या तीव्र क्षारात. साधं हिमोग्लोबिन, म्हणजे ए, त्यातही विरघळून राहतं. सिकलसेलचं एस मात्र ऑक्सिजन गेला की एकमेकांना चिकटतं आणि पाण्याबाहेर पडतं.

नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरायचं. पहिली नळी, पारदर्शक लाल, रेघा स्वच्छ. दुसरी तशीच. तिसरी पेजेसारखी गढूळ, रेघा गायब. चौथी, पाचवी स्वच्छ. सहावी पुन्हा गढूळ.

सहावा बल्ब शिबिरातल्या वीस वर्षांच्या एका मुलीचा. आशाताईंचा फोन आलाच. "लग्न जुळलंय तिचं. पॉझिटिव्ह का निगेटिव्ह, तेवढं सांगा ना मॅडम." नाही सांगितलं. नळीला एस आहे एवढंच कळतं, किती आहे ते कळत नाही. आई-बापापैकी एकाकडूनच बिघडलेलं जनुक आलेली एएस वाहक आणि दोघांकडून आलेली एसएस रुग्ण, दोघींच्या नळ्या सारख्याच गढूळ. एकीला आयुष्यभरात बहुधा काही त्रास होणार नाही, दुसरीला जन्मभर औषध. नुसत्या नळीवरून गावात निकाल पोचवणं हा मला शुद्ध अविचार वाटतो. गावात तो निकाल उद्या सगळ्यांना ठाऊक झालेला असतो आणि परवा सोयरीक मोडलेली असते.

उलटीही चूक होते. ज्याला नुकतंच रक्त चढवलंय त्याची नळी स्वच्छ दिसू शकते. ज्याचं हिमोग्लोबिन फारच कमी आहे त्याचीही, म्हणून त्याचं रक्त दुप्पट घ्यावं लागतं.

बारा

गढूळ निघालेल्यांची पट्टी लावायची. पेशी सलाइनने धुवून फोडायच्या, त्या लाल पाण्याचा इवलासा थेंब सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पट्टीवर ठेवायचा आणि पट्टी ८.६ पीएचच्या बफरमध्ये दोन्ही टोकं बुडवून टाकीत मांडायची. करंट सुरू. या पीएचला हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून सगळे धन टोकाकडे निघतात. ए पुढे जातं. एसच्या दोन्ही बीटा साखळ्यांवरचा एकेक ऋण भार गेलेला, त्यामुळे ते मागे राहतं. पॉन्सोच्या लाल रंगात पट्टी बुडवली की कोण कुठवर पोचलं ते उमटतं.

हा मागे राहण्याचा प्रकार पहिल्यांदा पकडला लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, कॅलिफोर्नियात, १९४९ साली. आजाराचं मूळ एका रेणूत दाखवणारा तो पहिला शोधनिबंध. पण भार बदलला म्हणजे साखळीत नेमकं काय बदललं, हे त्यांना सांगता आलं नव्हतं. ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रमने शोधलं. त्याने ट्रिप्सिन या विकराने ए आणि एस हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते वेगवेगळ्या कागदांवर एका दिशेने विजेने आणि दुसऱ्या दिशेने द्रावकाने पसरवले. दोन्ही कागदांवरचे ठिपके जुळले, एक सोडून. तेवढा तुकडा सोडवल्यावर १९५७ मध्ये व्हॅलिन सापडलं. सगळा खटाटोप कागद, वीज आणि चिकाटीवर. आमच्या ओट्यावर आज त्याहून फार वेगळं काही चाललेलं नसतं.

मुलीच्या पट्टीवर दोन पट्टे आले. पुढचा ठळक, मागचा जरा फिका. पट्टीवरही आंधळा विश्वास नको. पंजाबकडे जास्त आढळणारं डी हिमोग्लोबिन या पीएचला एसच्याच जागी येऊन थांबतं, कारण भार तेवढाच. पण डी नळीत गढूळ होत नाही. म्हणून नळीही हवी आणि पट्टीही हवी. एक विचारते चिकटतोस का, दुसरी विचारते भार किती.

दीड

डबा. भात, वरण, जवसाची चटणी.

दोन

एचपीएलसी मशिनवर शंकेचे नमुने. याच्या स्तंभात ऋण भाराचा पदार्थ भरलेला असतो. हिमोग्लोबिन त्याला धरून बसतं आणि क्षार वाढवत नेला की एकेक सुटतं. ज्याच्याकडे ऋण भार कमी, ते जास्त घट्ट धरतं. आमच्या मशिनवर एफ, म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन, साधारण पहिल्या मिनिटाला, ए अडीचच्या आसपास, एस साडेचारला. पट्टीवर मागे राहणारा इथेही उशिराच येतो, कारण तेच, गेलेला ऋण भार.

एक बल्ब तीन महिन्यांच्या बाळाचा, सोबत चिठ्ठी: नळी निगेटिव्ह. कपाळावर हात मारला. पोटातलं बाळ बीटाऐवजी गॅमा साखळ्या वापरून एफ हिमोग्लोबिन बनवतं, कारण आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला ते सरस असतं. जन्मानंतर गॅमा हळूहळू मागे पडते, बीटा वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात एस असलं तरी नळीला दिसेल इतकं असेलच असं नाही. आलेखावर मात्र एफचा मोठा डोंगर आणि पलीकडे एसचा छोटा उंचवटा. एचा पत्ता नाही. या बाळाला लवकर बोलवावं लागेल.

मोठेपणीही एफ जास्त राहिलं तर त्रास कमी होतो, कारण गॅमा साखळीचा रेणू धाग्यात बसत नाही, उलट धागा वाढू देत नाही. रोजची हायड्रॉक्सियुरियाची गोळी शरीराला पुन्हा एफ बनवायला लावते. ती गोळी खाणाऱ्यांचे सीबीसीही माझ्याकडेच येतात, पांढऱ्या पेशी फार उतरल्या नाहीत ना ते पाहायला.

मुलीचा आलेख: एस ३६ टक्के, बाकी बहुतेक ए. एएसमध्ये निम्मं-निम्मं का नसतं, असं शिकाऊ पोरं विचारतात. अल्फा साखळीवर धन भार असतो. तिला जास्त ऋण भाराची साधी बीटा आधी भेटते, एसची बीटा मागे पडते. त्या एका अमिनो आम्लाचा हिशेब इथेही लागतो.

सव्वातीन

लाइट गेली. मशीन यूपीएसवर, टाकी बंद, पंखे बंद.

डीएमएलटीची विद्यार्थिनी हात बांधून उभी, म्हणून तिला खिडकीपाशी जुन्या आरशाच्या सूक्ष्मदर्शकावर बसवलं. सकाळच्या त्या पोराच्या रक्ताचा थेंब मेटाबायसल्फाइटमध्ये मिसळून, काचपट्टीच्या कडा व्हॅसलिनने बंद करून अर्ध्या तासापूर्वीच ठेवला होता. आरसा उजेडाकडे फिरवला. आधी तिला नुसते ठिपके दिसले, मग फोकस जुळल्यावर ती गप्प झाली. गोल पेशी थोड्याच. बाकी लांबट, दोन्ही टोकं अणकुचीदार, काही पानासारख्या, एक अगदी अर्धचंद्राची. "हे सगळं एका अमिनो आम्लाने?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आता काच उचल आणि थोडी हवा लागू दे." पाहता पाहता बऱ्याच पेशी पुन्हा गोल झाल्या, पण काही तशाच वाकड्या. पुन्हा पुन्हा वाकून त्यांचं आवरणच बिघडलेलं असतं. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, या पोराच्या पेशी दहा-वीस दिवसांत संपतात. रक्त कमी का असतं, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

साडेचार

समुपदेशक आज रजेवर, म्हणून मुलगी आणि तिची आई माझ्यासमोर. आशाताई दारात.

"काय निघालं जी?" आईने विचारलं.

"मावशी, हिला सिकलसेलचा आजार नाही. ही वाहक आहे. हिचं रक्त हिला पुरेसं आहे, गोळी नको, काही नको."

"मंग लगन?"

"लग्न करायला काही हरकत नाही. मुलाचं रक्त तपासा. तो साधा निघाला तर लेकरांना आजार होणार नाही, फार तर काही हिच्यासारखी वाहक होतील. तोही वाहक निघाला तर दर गरोदरपणी चारात एकाला आजाराची शक्यता. तेव्हाही मार्ग आहेत, पोटातल्या बाळाची तपासणी होते. पण ते आधी कळलेलं बरं."

"त्याच्या घरी कोण सांगणार?" मुलगी पहिल्यांदाच बोलली.

आशाताई म्हणाल्या, "मी सांगतो ना." आमच्याकडे बायाही असंच बोलतात. "अख्ख्या गावाची तपासणी चालू आहे म्हणून सांगतो. तिचं नाव काहून घ्यायचं?"

ही युक्ती मला सुचली नसती. कागदावर 'एएस, वाहक' लिहून, घडी करून तो मुलीच्याच हातात दिला, आईच्या नाही.

सव्वापाच

वापरलेल्या नळ्या हायपोक्लोराइटमध्ये, पट्ट्या वाळवून रजिस्टरला, बाळाच्या गावच्या उपकेंद्राला फोन. आशाताईंनी विचारलं, मुलाला उपाशी आणायचं का. नाही, पोटभर जेवून आला तरी चालेल. फक्त उद्या ओपीडी अर्धा दिवस आहे, दहाच्या आत या.