थ्री नॉट थ्रीची कैफियत

आपल्याकडे पोलीस चौकीच्या दारातील शिपायाच्या खांद्यावरच्या बंदुकीला ‘थ्री नॉट थ्री’ हे जे नाव कायमचे चिकटले, ते वस्तुतः बंदुकीचे नसून काडतुसाचे आहे. आणि काटेकोर पाहू गेल्यास तेही पुरते खरे नाही, कारण .३०३ इंच हे माप नळीच्या पोकळीचे असून गोळी त्याहून किंचित जाड, सुमारे .३११ इंच असते, म्हणजे नळीतील चऱ्यांत ती घट्ट रुतते व गरगर फिरतच बाहेर पडते.

फ्रेंचांनी १८८६ साली बिनधुराच्या दारूवर चालणारी लेबेल बंदूक पुढे आणून युरोपातील साऱ्या शस्त्रागारांची झोप उडविली, त्या धांदलीत १८८८ साली इंग्रजांनी हे काडतूस मंजूर केले. धांदल अशी की नवी दारू हाती यावयाच्या आतच काडतूस ठरले, आणि आरंभी त्यात जुनी काळी दारूच दाबून भरावी लागली. मागाहून कॉर्डाईट ही बिनधुराची दारू आली. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन व थोडे व्हॅसलीन यांच्या त्या काड्या शेवयांसारख्या दिसत. आणि काडतुसाच्या निमुळत्या गळ्यातून त्यांची जुडी आत जाईना, म्हणून आधी सरळ पितळी नळीत त्या भरावयाच्या व मग गळा आवळावयाचा, असा उफराटा क्रम कारखान्यांत रूढ झाला.

खरा वाद मात्र गोळीवरून पेटला. जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीची गोळी ४८० ग्रेन वजनाची, मऊ शिशाची. नवी केवळ २१५ ग्रेनची, वर कठीण धातूचे वेष्टन ल्यालेली. शिपायाच्या पट्ट्यात अधिक काडतुसे मावतात, गोळी दूरवर सरळ जाते, धूर होत नाही, हे नव्याच्या कैवाऱ्यांचे म्हणणे बिनतोड होते. परंतु १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर सरहद्दीवरून तक्रारी आल्या, की गोळी आरपार जाते आणि समोरचा पठाण तसाच चालून येतो. कलकत्त्यानजीकच्या डमडम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी यावर तोड काढली, ती टोकाशी वेष्टन किंचित आखूड ठेवून शिसे उघडे सोडण्याची. गोळी अंगात शिरताच फुलू लागली. पण वेष्टन बुडाशीही उघडेच असल्याने आतले शिसे निसटून रिकामे टरफल नळीत अडकून राहण्याची धास्ती उरलीच.

१८९९ च्या हेग परिषदेत हे प्रकरण जगापुढे आले. ट्यूबिंगनच्या ब्रुन्स या शल्यविशारदांनी अशा गोळ्यांच्या भीषण जखमांचे प्रयोग प्रसिद्ध केले होते; इंग्रजांची फिर्याद अशी की ते प्रयोग डमडमच्या नव्हे, तर मॉझरच्या शिकारी गोळ्यांचे होते, ज्यांत कितीतरी अधिक शिसे उघडे असे. तक्रार रास्त होती. पण तिची बाजू मांडताना इंग्रजांचे प्रतिनिधी जनरल आर्डा यांनी रानटी लोकांशी लढताना अशा गोळीवाचून भागत नाही, असा जो युक्तिवाद केला, त्याने रास्त तक्रारीचीही अब्रू गेली. फुलणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरल्या. इंग्लंडची सही मात्र १९०७ साली पडली.

यानंतरची हिकमत मला सर्वांत विलक्षण वाटते. १९१० साली आलेली ‘मार्क सात’ गोळी १७४ ग्रेनची, टोकदार, सेकंदास २४४० फूट वेगाची, आणि टोकाकडे संपूर्ण वेष्टित, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निष्कलंक. परंतु आतल्या गाभ्याच्या अग्रभागी शिशाऐवजी हलके ॲल्युमिनियम बसविले होते. भार मागे सरल्याने अंगात शिरताच ती उलटीपालटी होई. हेगने बाहेरचे रूप तपासले होते. बदल पोटात झाला.

काडतुसाच्या बुडाची कड हा दुसरा जुना तंटा. बंदुकीच्या पेटीत या कडा एकमेकींत अडकत, म्हणून कडेवाचूनचे .२७६ मापाचे काडतूस १९१३ साली चाचणीस निघाले. पण त्याची नळी भलतीच तापे, धमाका व झोत जबर. तेवढ्यात महायुद्ध उभे ठाकले, सारे कारखाने जुन्या मापाला जुंपलेले, आणि कड जी राहिली ती राहिलीच.

त्या कारखान्यांपैकी एक आपल्या पुण्याजवळचा, १८६९ सालचा, खडकीचा. माझ्या मेजावर त्याचे एक रिकामे काडतूस आहे. पितळ काळवंडले आहे, मध्यभागी आघात करणाऱ्या सुईचा खोल ठसा आहे, आणि सभोवार ‘के’ व ‘एफ’ ही अक्षरे अजून वाचता येतात. त्यांच्यामधला, सरकारी मालाची खूण असलेला बाण तेवढा पुसट झाला आहे.