श्वास घेणारी बॅटरी

मावळात वीज साठवायची म्हणजे पाणी अडवायचं. लोणावळा, वळवण, शिरवत्याच्या पाण्यावर घाटाखाली खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते. जस्त-हवा बॅटरीत हा साठा जस्तात असतो.

■ रचना : एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला सच्छिद्र कार्बन, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. ऑक्सिजन बाहेरच्या हवेतला, त्यामुळे वजनाला हलकी.

■ ओळखीचं रूप : आजोबांच्या कानातल्या यंत्राचा बटण सेल. पाठीवरचा रंगीत स्टिकर सोलला की बारीक छिद्रांतून हवा शिरते आणि सेल जागा होतो. तो एकदाच वापरायचा; पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवणं अवघड.

■ उत्प्रेरक कशाला? : वीज देताना ऑक्सिजन वापरायचा, चार्जिंगला तो परत सोडायचा, दोन्ही क्रिया मंद. पहिलीला प्लॅटिनम, दुसरीला इरिडियम किंवा रुथेनियम चालतं, पण परवडत नाही. नायट्रोजन मिसळलेला, लोह-कोबाल्टचे अणू पेरलेला कार्बन हा स्वस्त पर्याय. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा उत्प्रेरकांवर संशोधन होतं.

■ व्होल्टेज : सैद्धांतिक सुमारे १.६५, वापरताना १.२ च्या आसपास, चार्जिंगला मात्र २ च्या घरात. मधली ऊर्जा वाया जाते. उत्प्रेरक चांगला, तर ही तूट कमी.

■ दुखणी : चार्जिंगच्या चढ्या व्होल्टेजला कार्बनच झिजतो, जस्तावर सुईसारखे काटे वाढतात. आणि लोणावळ्याचा पावसाळा? दमट हवेत द्रावण ओलावा ओढून घेतं, छिद्रं तुंबतात. बॅटरीचाही श्वास कोंडतो!