उत्तर ठाऊक नसलेले प्रॅक्टिकल

मी कला शाखेची विद्यार्थिनी. रसायनशास्त्रावर लिहिण्याचा तुला काय अधिकार, असे वाचक विचारतील. पण निमित्त घरातच घडले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेल्या आम्ही दोघीच: मी आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची माझी चुलतबहीण. एका संध्याकाळी ती जर्नलमधले ब्युरेटचे रीडिंग खोडत होती. "१०.२ यायला हवं होतं, माझं १०.९ आलं," ती म्हणाली. अण्णांनी विचारले, "उत्तर आधीच ठाऊक होतं, तर मोजलंस कशाला?"

आम्ही दोघीही गप्प झालो.

हात बसावा म्हणून ठरलेल्या उत्तराचे प्रयोग हवेतच. परंतु तेवढ्यावरच थांबले, तर विद्यार्थी मोजायला नव्हे, जुळवायला शिकतो. जर्मनीत गीसेन येथे १८२४ साली प्राध्यापक झालेल्या लीबिग यांनी विद्यार्थ्यांनाच प्रयोगशाळेत संशोधनाला लावले. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख व्हावी म्हणून २००४ साली राष्ट्रीय उपक्रम सुरू केला.

पण त्यासाठी मुंबईच गाठायला हवी असे नाही. बेलापूरचेच उदाहरण घेऊ. जड पाणी तापवले की भांड्याला पांढरा थर धरतो. हा जडपणा कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा. पाण्यात दर्शक घालून ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण थेंबथेंब सोडले की तांबूस रंग निळा होतो. लागलेल्या द्रावणावरून जडपणा काढतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

आता प्रयोग तोच ठेवून प्रश्न बदलू. प्रवरेच्या कालव्याला आवर्तन सुटल्यावर काठच्या विहिरीचा जडपणा बदलतो का? याचे उत्तर कोणत्याही गाइडात नाही. म्हणून आवर्तनाआधीचा व नंतरचा नमुना हवा. बदल कालव्यामुळेच झाला हे कळण्यासाठी कालव्यापासून दूरची विहीरही तपासायला हवी. प्रत्येक नमुना तीनदा मोजायचा, तारीख लिहायची आणि वेगळे आलेले रीडिंग न खोडता त्याचे कारण शोधायचे. संशोधनाचे पहिले धडे हेच.

बहिणीने खोडलेले १०.९ पुन्हा लिहिले आणि खाली नोंद केली, 'परत करून पाहणे.' त्या पानाला गुण किती मिळतील कोण जाणे. पण त्यावरचे मोजमाप तिचे स्वतःचे आहे.