एकच आमवात, निरनिराळे सांधे
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात रक्तातील प्रतिपिंडांची हकिकत सांगितली. परंतु सर्व देहात एकच रक्त खेळत असताना आमवात काही सांध्यांवर तुटून पडतो आणि काहींच्या वाटेलाही जात नाही, याचा उलगडा रक्ताच्या दप्तरात सापडत नाही.

आमवाताने ग्रासलेल्या एखाद्या बाईचा हात मेजावर पालथा ठेवून पाहावा. मुठीच्या उंचवट्यांमधल्या खोलगट जागा सुजेने भरून आलेल्या असतात, बोटांचे मधले सांधे चातीसारखे मध्येच जाड झालेले असतात, आणि नखालगतचा शेवटचा सांधा मात्र बहुधा साफ सुटलेला असतो. तोच गाठाळला असेल, तर डॉक्टरांचे लक्ष वयोमानाच्या झिजेकडे किंवा सोरायसिसच्या सोबतीने येणाऱ्या संधिवाताकडे वळते. २०१० साली अमेरिकन व युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी जे निकष मुकरर केले, त्यांतून नखालगतचे सांधे आणि हातापायांच्या अंगठ्यांच्या मुळाचे सांधे वगळले गेले, कारण ते झिजेचे नेहमीचे ठाणे होय. रोगाचा जोर मापण्यासाठी सर्रास वापरली जाणारी २८ सांध्यांची मोजणी तर पावलांना जमेसच धरीत नाही. ज्याचे सारे दुखणे पायाच्या बोटांच्या मुळाशी साठले आहे, त्याचा आकडा कागदावर समाधानकारक दिसतो आणि तो बिचारा लंगडतच घरी जातो.

निरोगी सांध्याचे आतील अस्तर एक ते तीन पेशींच्या थराइतके तलम असते. आमवातात तेच दाट व रक्तवाहिन्यांनी भरगच्च होऊन कूर्चेवर चढाई करते आणि हाड कडेने पोखरू लागते. हे अस्तर सर्वत्र एकाच जातीचे, अशी समजूत दीर्घकाळ चालत आली. तिला तडा गेला तो अलीकडेच. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की, गुडघ्याच्या आणि खुब्याच्या अस्तरांतील पेशींच्या जनुकांवरील रासायनिक खुणाच भिन्न असतात. पुढल्याच वर्षी झुरिचच्या मंडळींनी हात, खांदा आणि गुडघा यांच्या पेशींत, गर्भावस्थेत अवयवांची जागा ठरविणाऱ्या जनुकांचा ठसा प्रौढपणीही शिल्लक असल्याचे सिद्ध केले. एकाच औषधाने बोटे मोकळी व्हावीत आणि गुडघा हटून बसावा, या नित्याच्या अनुभवामागे हेच असेल काय? तर्क मोहक आहे, पण अद्याप तर्कच आहे.

सांध्यासांध्यांतील या भेदाहून उपचाराच्या दृष्टीने अधिक चर्चा झाली ती रोग्यारोग्यांतील भेदाची. लंडनचे प्राध्यापक कोस्तान्तिनो पित्झालिस व त्यांचे सहकारी यांनी अस्तराचे तीन नमुने मानले: प्रतिपिंडे घडविणाऱ्या बी पेशींचे थवे जमलेला, भक्षक पेशींनी व्यापलेला, आणि प्रतिकारपेशी जवळजवळ नसून केवळ तंतुपेशींचा. आता रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशींचा नाश करते. ज्या अस्तरात त्या पेशीच विरळ, तेथे ते काय साधणार? या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी, आधीचे जैविक औषध ज्यांना लागू पडले नाही अशा १६४ रुग्णांच्या सांध्यांतून सुईने अस्तराचा तुकडा काढून मग कोणाला रिटुक्सिमॅब, तर कोणाला टॉसिलिझुमॅब हे दुसरे जैविक औषध देण्यात आले, आणि २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो वृत्तान्त छापला. सूक्ष्मदर्शकाने केलेल्या वर्गवारीत बी पेशी विरळ असलेल्यांना टॉसिलिझुमॅब अधिक गुणकारी ठरल्याचे निश्चित म्हणता आले नाही. पण तोच तुकडा आरएनएच्या पद्धतीने वाचून ज्यांच्या बी पेशी विरळ ठरल्या, त्यांच्यात निम्म्याने किंवा अधिक उतार पडलेल्यांचे प्रमाण टॉसिलिझुमॅबच्या गटात ६३ टक्के, तर रिटुक्सिमॅबच्या गटात ३६ टक्केच भरले. सूक्ष्मदर्शकाला जे उमगले नाही, ते जनुकांच्या बोलीत उमगले.

म्हणून उद्यापासून प्रत्येकाच्या सांध्यात सुई घालावी, असे मात्र मी म्हणणार नाही. नवख्या रोग्याला बहुधा प्रथम मेथोट्रेक्सेटच द्यावयाचे असते, तीन महिन्यांत उतार दिसतो का ते पाहावयाचे असते, आणि या पहिल्या पायरीवर तुकडा काढून निर्णय फारसा बदलत नाही. परंतु ज्याच्यावर एकामागून एक महागडी जैविक औषधे वाया गेली, आणि पुढचे औषध केवळ अंदाजाने निवडण्याखेरीज ज्याच्या डॉक्टरांपुढे मार्ग उरला नाही, त्याच्या बाबतीत, स्थानिक भूल देऊन सोनोग्राफीच्या आधाराने होणारी ही लहानशी तपासणी करून पाहण्यास हरकत घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही.