लाजेपायी दुखणे अंगावर काढू नका

‘डॉक्टर, हे हल्ली पाणीच पीत नाहीत हो.’ तक्रार पत्नीची असते. शेजारी बसलेले गृहस्थ मान खाली घालून असतात. वय पस्तीस-चाळीस. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या आजाराचे निदान होऊन तीन-चार वर्षे झालेली. पायांतली अशक्तता, दिसण्यातला अंधुकपणा हे सारे ते मोकळेपणाने सांगतात. पण लघवी कपड्यांत होते म्हणून पाणी तोडले आहे, एस.टी.चा प्रवास बंद केला आहे आणि पती-पत्नीचे संबंधही कधीचे थांबले आहेत, हे खोदून खोदून विचारल्यावरच बाहेर येते. अशा पुरुष रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा हा लेख.

आजार कशाचा?

विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर ‘मायलिन’ नावाचे आवरण असते. या आजारात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू व मज्जारज्जूतील या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की मेंदूचा निरोप वाटेत अडखळतो. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही.

लघवीवर ताबा ठेवणारी आणि लिंगाला ताठरपणा आणणारी केंद्रे मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला जवळजवळ आहेत. मेंदूचे निरोप तेथवर नीट पोचले नाहीत, तर दोन्ही तक्रारी जोडीने येऊ शकतात. यात वयाचा, चारित्र्याचा किंवा पुरुषार्थाचा काहीही दोष नसतो.

लघवीच्या तीन तऱ्हा

पहिल्या तऱ्हेत मूत्राशय उतावळे होते. थोडी लघवी साठताच ते आकुंचन पावते. मग वारंवार धावावे लागते, रात्री उठावे लागते, कधी वाटेतच कपडे ओले होतात. दुसऱ्या तऱ्हेत ते सुस्त होते. धार बारीक येते, कुंथावे लागते, लघवी आत शिल्लक राहते. तिसऱ्या तऱ्हेत मूत्राशय आवळते, पण त्याच वेळी सैल पडायला हवा तो दाराचा स्नायूही आवळतो. त्यामुळे घाईही होते आणि लघवी तुंबतेही.

नुसत्या लक्षणांवरून या तऱ्हा ओळखता येत नाहीत. म्हणून लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करून आत किती लघवी उरली ते पाहतात. साधारण १०० मि.लि.हून अधिक उरत असेल, तर सावध व्हावे. ही तपासणी साधी आहे, पण तिच्यावरच उपचाराची दिशा ठरते. मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या पहिल्या तऱ्हेत उपयोगी पडतात. मात्र लघवी तुंबणाऱ्याने त्या घेतल्या तर ती आणखी तुंबू शकते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी घेऊ नये, ती यासाठीच. पन्नाशीपुढच्या पुरुषात प्रोस्टेटची वाढही अशाच तक्रारी देते. म्हणून शस्त्रक्रियेचा विषय निघाल्यास आपल्या मूळ आजाराची माहिती मूत्ररोगतज्ज्ञांना अवश्य द्यावी.

पाणी तोडू नका

पाणी कमी केले की लघवी दाट होते, आग होते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. संसर्गाने ताप आला की पाय एकाएकी लुळे पडल्यासारखे होतात आणि मूळ आजारच उलटला असे वाटते. अशा वेळी आधी लघवी तपासावी. वैद्यकीय मनाई नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी थोडे थोडे घ्यावे. चहा-कॉफी कमी करावी, संध्याकाळनंतर पाण्याचे प्रमाण उतरवावे आणि घाई होण्याची वाट न पाहता दर दोन-तीन तासांनी लघवीला जावे.

लघवी तुंबत असल्यास दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय स्वतःच रिकामे करायला शिकवतात. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. नाव ऐकून अंगावर काटा येतो खरा, पण सवय झाल्यावर रुग्ण कामावरही जाऊ शकतो. गोळ्यांनी भागत नसेल, तर मूत्राशयात बोट्युलिनम हे इंजेक्शन देण्याचीही सोय आहे.

संबंधांविषयी

पुष्कळदा इच्छा असते, पण ताठरपणा येत नाही किंवा टिकत नाही. स्पर्श बधिर वाटतो, वीर्यपतन उशिरा होते किंवा होतच नाही. त्यात थकवा, पायांचा ताठरपणा, उदासीनता आणि काही औषधांचे परिणाम यांचीही भर पडते. पत्नीला वाटते, ‘यांचे मन उडाले’. पतीला वाटते, ‘मी संपलो.’ दोघेही गप्प राहतात.

१९९८ पासून वापरात आलेल्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा अनेकांना उपयोग होतो. परंतु हृदयविकारासाठी नायट्रेट गटातील गोळी (उदा. सॉर्बिट्रेट) घेणाऱ्याने ती घेणे जिवावर बेतू शकते. म्हणून दुकानातून परस्पर आणू नये. भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींच्या तर वाटेलाच जाऊ नये. या आजारात बाप होता येत नाही, ही समजूतही चुकीची आहे. मात्र मूल हवे असल्यास चालू औषधांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

काय करावे?

तीन दिवस एका वहीत लघवीची वेळ, प्रमाण आणि कपडे ओले झाले का, हे लिहावे. ती वही घेऊन शक्यतो दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. लघवी पूर्ण अडली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. दुखण्याच्या बाबतीत मात्र झाकलेली मूठ महागात पडते. डॉक्टरांपुढे ती उघडावी.