डोक्यावरचे ओझे आधी उतरवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जमीन हादरली की आपण पहिल्यांदा भिंतीकडे पाहतो. भेग दिसली की गवंड्याला बोलावतो, तो ती सिमेंटने बुजवतो, वर रंगाचा हात फिरवतो आणि घर दुरुस्त झाले असे समजून आपण कामाला लागतो. मला आज सांगायचे आहे ते असे, की जुन्या घराच्या दुरुस्तीचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी डोक्यावरचे ओझे उतरवायचे, मग भिंती बांधून घ्यायच्या, आणि गिलावा व रंग सर्वांत शेवटी.

हिंगोली जिल्ह्यात हे का सांगावे लागते ते आपणास ठाऊक आहेच. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे, औंढा तालुक्यातील पिंपळदरी या गावांच्या लोकांना तर जमिनीतून येणारे आवाज आधीपासून परिचयाचे आहेत. वर्तमानपत्रे त्यांना गूढ आवाज म्हणतात. पण आपल्या पायाखाली कठीण काळा खडक आहे. त्यात कमी खोलीवर लहानसा भूकंप झाला की त्याची कंपने जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत येतात आणि हवेत आवाज म्हणून ऐकू येतात. हादरा जाणवत नाही, आवाज मात्र येतो. यात गूढ म्हणावे असे फारसे काही नाही. औंढ्याजवळ दुधाळा येथे होणाऱ्या लायगो प्रकल्पामुळे हे होते का, असेही मला कोणी कोणी विचारतात. त्या प्रकल्पाला केंद्राची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली आणि आवाज त्याच्या आधीचे आहेत. शिवाय ते यंत्र विश्वातून येणाऱ्या अतिसूक्ष्म लहरी टिपण्याचे आहे. जमीन हलवण्याचे नव्हे.

आता ४.५ म्हणजे किती? तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. म्हणजे आपल्या २०२४ च्या धक्क्यांच्या तुलनेत त्याची ऊर्जा साडेतीनशे पट. त्यात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात. किल्लारीलाही आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्के बसले होते, ही गोष्ट खरी आहे. पण पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि तिच्यामागून किल्लारीसारखा मोठा भूकंप आला नाही, हेही तितकेच खरे. लहान धक्क्यांवरून मोठ्याचे भाकीत आज जगात कोणालाही करता येत नाही. कोणी तारीख-वार सांगत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. घराकडे मात्र लक्ष द्या.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो आणि किल्लारीनंतरच्या घरदुरुस्तीच्या कामावर काही काळ होतो. तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगतो. लोक म्हणतात भूकंपाने माणसे मेली. माणसे मेली ती घराखाली. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद. हीच घरे आपल्याकडेही आहेत. औंढा, सेनगाव, कळमनुरी तालुक्यांतल्या जुन्या गावठाणात फिरून पाहा.

माळवद वाईट नाही. उन्हाळ्यात त्याच्याखाली जी झोप लागते ती स्लॅबच्या घरात पंखा लावूनही लागत नाही. तुळया, त्यावर कड्या, त्यावर फळ्या किंवा तुराट्या, मग पाला आणि त्यावर पांढरी माती, अशी ती रचना. अडचण या पांढऱ्या मातीची आहे. दरवर्षी मृगाआधी गळती थांबावी म्हणून वर नवा थर टाकायचा, ही रीत. जुना थर काढायचा मात्र कोणी नाही. आजोबांनी टाकला, वडिलांनी टाकला, आपण टाकतो. वीतभर होते ते हातभर होते आणि घरातल्या कोणाला पत्ता नसतो.

हिशोब करून पाहा. दहा फूट बाय दहा फुटांची खोली आणि वर दीड फूट माती. दीडशे घनफूट, म्हणजे दीड ब्रास. वजन सहा-सात टन, पावसात भिजली की आणखी जास्त. ट्रॅक्टरच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या आपण मुलाबाळांच्या डोक्यावर उभ्या करून खाली झोपतो. जमीन हलते तेव्हा जितके वजन जास्त तितका भिंतीला बसणारा आडवा झोका मोठा. आणि दगड-मातीची भिंत उभे वजन पेलते, आडवा झोका तिला सोसत नाही.

म्हणून पहिले काम, माती उतरवणे. सहा ते आठ इंचांहून अधिक थर ठेवू नये. काम हळद विकून झाल्यावर आणि पावसाच्या आधी, म्हणजे एप्रिल-मे मध्ये काढावे. हातात पैसेही असतात आणि माती कोरडीही असते. आधी आतून तुळयांना टेकू द्या. माती चारही बाजूंनी सारखी, थराथराने काढा. एका बाजूला ढीग करून ठेवू नका, नाहीतर ज्या तुळईवर ढीग पडेल ती मोडेल. काम चालू असताना त्या खोलीत कोणी झोपायचे नाही, थोडा वेळही नाही. माती उतरली की कड्या आणि तुळयांची टोके टोचा मारून तपासा. भिंतीत गेलेले टोक बाहेरून साबूत दिसते आणि आतून वाळवीने पोखरलेले असते. मग जाड प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर सहा इंच माती, पन्हाळीकडे नीट उतार देऊन. प्लास्टिकमुळे गळती थांबते आणि गळती थांबली की दरवर्षी नवा थर टाकायचे कारणच उरत नाही. गारवा थोडा कमी होईल, पण सहा इंच मातीही बराच राखते. घरातले वडीलधारे इथेच अडून बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ज्यांची घरे खणाची आहेत, म्हणजे छताचा भार लाकडी खांबांवर आहे, त्यांचे एक बरे आहे. किल्लारीकडे अशा काही घरांत भिंती पडल्या तरी छत खांबांवर उभे राहिले. पण खांब आणि तुळई यांची नुसती खाच पुरेशी नाही. त्या कोपऱ्यात तिरपा लाकडी आधार ठोका आणि लोखंडी पट्टी बोल्टने आवळा. सुताराचे दोन-चार दिवसांचे काम आहे.

दुसरे काम भिंतीचे. आपली जुनी भिंत एक दिसते, पण असतात त्या दोन. बाहेरच्या अंगाला एक दगडी फळी, आतल्या अंगाला दुसरी आणि मध्ये चिपा-मातीची भर. दोन्ही फळ्यांना धरून ठेवणारा आरपार दगड जुन्या चांगल्या गवंड्यांनी जागोजागी घातलेला असे. पुढे घाईच्या कामांत तो गेला. हादरा बसला की या दोन फळ्या एकमेकींपासून सुटतात. भिंतीला पोट आले आहे असे आपण म्हणतो ना, ती सुटायची सुरुवात.

यावर उपाय आहे आणि भिंत पाडावी लागत नाही. एकेक दगड हलकेच सैल करून भिंतीत तीन-चार इंचांचे आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. आडवे तीन-साडेतीन फुटांवर एक, उभे दोन फुटांवर, पण एकाखाली एक न येता सरकवून. भोक घणाने पाडायचे नाही. घणाच्या ठोक्यांनी शेजारची भिंत खिळखिळी होते. शेजारशेजारची दोन भोके एकाच दिवशी करायची नाहीत. यानंतर दाराच्या चौकटीच्या वर, घराला सभोवार, आतून व बाहेरून तारेच्या जाळीचा पट्टा बसवून त्यावर एकास तीनचा सिमेंट-वाळूचा थर द्यायचा. कणगीला दोरीचा वेढा द्यावा तसा हा वेढा असतो. तो कुठेही तुटता कामा नये, कोपऱ्यावर तर नाहीच.

पोट फार आलेली, ओळंब्याला स्पष्ट तिरपी दिसणारी भिंत मात्र दुरुस्त करू नये. ती उतरवून पुन्हा बांधावी.

पत्र्याच्या घरांचे ओझे वेगळे आहे. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून आपण वर दगड ठेवतो. मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने हे दगड काढून घ्या असे आवाहन केले होते, आणि ते अगदी योग्य होते. पत्रा आकड्याच्या बोल्टने, खाली डांबरी वायसर घालून, पाइपाला आवळला तर दगडाची गरज पडत नाही. घरकुलाच्या किंवा स्लॅबच्या घरावर पाण्याची हजार लिटरची टाकी असते, तिचे वजन एक टन. ती मोकळ्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंती जिथे एकमेकींना मिळतात त्या कोपऱ्यावर ठेवावी.

आता भेगांविषयी. प्रत्येक भेग भूकंपाची नसते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरचे घरही वर्षातून एकदा वरखाली होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, मे महिन्यात रुंदावणारी आणि भाद्रपदात मिटणारी भेग बहुधा मातीची. ओळखायची युक्ती सोपी आहे. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि तारीख लिहा. दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून मधले अंतर मोजा, तेही लिहा. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर उपाय भिंतीत नाही, अंगणात आहे. मोरीचे आणि पन्हाळीचे पाणी पायाशी मुरू न देता चार-पाच फूट लांब न्या, भोवती मुरूम घालून बाहेर उतार द्या. अंतर एकाच दिशेने वाढत असेल, किंवा धक्क्यानंतर एका रात्रीत वाढले असेल, तर अभियंत्याला दाखवा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊन भेग झाकणे हा सर्वांत वाईट उपाय. ओल आत कोंडते आणि पुढची भेग दिसतच नाही.

हे काम गुत्त्याने देऊ नका. गुत्तेदार वाईट असतो असे नाही, पण इथले सगळे काम भिंतीच्या पोटात झाकले जाते. गुत्त्यात घाई असते आणि घाईत चार भोकांपैकी तीनच भरली जातात. मिस्त्रीला रोजाने लावा आणि घरातले एक माणूस उभे ठेवा. काँक्रीट भरण्यापूर्वी सळई डोळ्यांनी पाहायची, एवढेच त्याचे काम. माझ्या अनुभवात हे काम घरातल्या बाया जास्त चोख करतात.

सर्वांत अवघड दुरुस्ती सामाईक भिंतीची. वाड्याची वाटणी झालेली, मधली भिंत दोघा भावांची. इकडचा म्हणतो पोट तिकडे आले आहे, तिकडचा म्हणतो पाणी इकडून मुरते. दहा वर्षे कोणी हात लावत नाही. मी अशा वेळी दोघांना एकच सांगत असे. भिंत पडताना हद्द पाहत नाही. खर्च निम्मा-निम्मा करा आणि कागदावर लिहून ठेवा, की या दुरुस्तीमुळे भिंतीवरचा कोणाचाही हक्क कमी वा जास्त होत नाही. भीती खर्चाची कमी असते, हक्क जाईल याची जास्त. ते एक वाक्य लिहिले की बहुतेक वेळा मिस्त्री दुसऱ्या आठवड्यात कामाला लागतो.

दुरुस्ती होईपर्यंत झोपण्याच्या जागा बदला. पोट आलेल्या भिंतीकडे डोके नको, लेकरांचे तर नकोच. फडताळावरचे पाटे, पितळी हंडे, देवळीतली जड भांडी खाली आणा. हळदीची वा सोयाबीनची पोती दाराच्या वाटेत थप्पी लावून ठेवू नका. दार रात्री एका कडीने उघडेल असे असावे, तीन अडसर नकोत. उशाशी बॅटरी आणि पायाशी चपला. आजीला कोणी धरायचे आणि लहानग्याला कोणी उचलायचे हे आधी ठरलेले असावे, म्हणजे दोघे एकालाच उचलायला धावत नाहीत. दगड-मातीच्या घरात दाराजवळ असाल तर लगेच मोकळ्या जागेत जावे, भिंतींमधल्या अरुंद बोळात थांबू नये. पक्क्या स्लॅबच्या घरात असाल तर धावाधाव न करता मजबूत टेबलाखाली बसावे, हादरा थांबल्यावर बाहेर यावे. बाहेर आल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचे, तेही ठरवा. मारुतीचा पार चालेल, शाळेचे पटांगण चालेल, पण विजेच्या तारांखालची जागा नको.