यादीत नसलेला रक्तगट

घरातील मुले-मुली पायथॉन शिकत असतील, तर त्यांना खेळाबरोबर एखादा उपयोगी प्रोग्रामही करायला सांगावा, असे आम्हांला वाटते. मोहल्ल्यातील रक्तदात्यांची नोंदवही हा त्यासाठी चांगला विषय आहे.

नाव, फोन आणि रक्तगट एवढेच विचारायचे. पण रक्तगट लोक नाना तऱ्हांनी लिहितात. कोणी मध्ये जागा सोडतो, कोणी लहान अक्षर वापरतो, तर कोणी इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य टाकतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी चिन्हे आहेत. मग ऐनवेळी शोध घेतला, तर तो दाता नोंदीत असूनही सापडत नाही.

चुकीच्या उत्तरांची यादी करून हे थांबत नाही, कारण चुकांना अंत नसतो. बरोबर उत्तरे मोजकी असतात, म्हणून यादी त्यांचीच करावी. ए, बी, एबी आणि ओ, प्रत्येकी पॉझिटिव्ह व निगेटिव्ह, असे 8 गट झाले. प्रोग्रामने आधी मोकळ्या जागा काढाव्यात, अक्षरे कॅपिटल करावीत आणि मगच 'इन' या शब्दाने उत्तर यादीत आहे का ते तपासावे. नसेल तर स्वतः अंदाज बांधू नये, पुन्हा विचारावे.

आता खरी कसोटी. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका दुर्मिळ रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ'सारखा दिसतो, पण या व्यक्तींना ओ गटाचे रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचेच लागते. आपली 8 नावांची यादी अशा माणसाचे खरे उत्तर नाकारील, आणि पुढे जाण्यासाठी तो नाइलाजाने 'ओ' लिहील. म्हणजे प्रोग्राम बिनचूक चालेल, पण नोंद खोटी होईल.

म्हणून यादीत 'बॉम्बे' हवे आणि 'माहीत नाही' हेही हवे. अर्थात यादी फक्त लिहिण्यातली चूक पकडते, रक्त तपासत नाही. ते काम रक्तपेढीचेच. मुलांना आम्ही एवढेच सांगू: दारावर पहारा जरूर ठेवा, पण यादी करण्यापूर्वी कोण बाहेर राहील, तेही विचारा.